डोलकाठीपाशी न जाता

थोरलीचा उजवा खांदा दुखतो हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. धाकट्या जावेने मात्र ते हेरलं होतं. वरच्या फळीवरचा डबा काढायला थोरली हल्ली खुर्ची ओढायची आणि विचारलं की "वय झालं गं" म्हणत विषय उडवून लावायची.

दोघींची मिळून एक छोटी शिडाची होडी होती. नवऱ्यांना पाण्याचं वावडं, आणि यांना पाण्यावाचून करमायचं नाही. गेल्या खेपेला थोरली डोलकाठीपाशी उभी राहून शीड चढवत होती, तेवढ्यात लाट आली. दोरी ओढणाऱ्या हाताने ऐनवेळी दगा दिला आणि ती कठड्यावरून अर्धी बाहेर लटकली. धाकटीने कमरेला धरून तिला आत खेचलं. घरी दोघींनीही चकार शब्द काढला नाही.

धाकटी लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होती. तिने डोलकाठीची खाच घासूनपुसून साफ केली. शिडाच्या कडेला लावलेले, त्या खाचेत घासत सरकणारे पितळी तुकडे काढून गुळगुळीत प्लॅस्टिकचे बसवले. चढवायची दोरी बुंध्याशी कप्पीतून वळवून थेट बसायच्या जागेपर्यंत आणली. शिवाय वारा वाढला तर शीड आखूड करायला आणखी एक दोरी लावली. चढवायची दोरी थोडी सैल सोडायची आणि ही ओढायची, की शिडाची पुढची-मागची टोकं एकदम खाली येणार.

"केवढं जंजाळ केलंयस! पाय अडकून पडेल एखादी," थोरली कुरकुरली.

"पडलात तर आत पडाल, ताई. पाण्यात नाही."

थोरलीने पाय उचलून दोऱ्यांपलीकडे टाकला.

धक्क्याला बांधलेल्या होडीत शीड अलगद वर गेलं, अलगद खाली आलं. धाकटी खूश झाली. पण ते बिनवाऱ्याचं होतं.

खाडीबाहेर पडल्या आणि वारा अचानक अंगावर आला. होडी कलली. पाणी कठड्यावरून आत येऊ लागलं. धाकटीने चढवायची दोरी सैल केली आणि दुसरी ओढली. शीड हलेना. पाय टेकवून, सगळं वजन टाकून तिने पुन्हा ओढली. तळव्याची साल निघाली, पण शीड तसंच तट्ट फुगलेलं.

"अडकलंय! मी पुढे जाते," ती ओरडली.

"जागची हलू नकोस!" थोरली सुकाणूपाशी होती. "वाऱ्याने शीड काठीवर दाबून धरलंय. ओढून नाही यायचं."

"मग शीड ताणून धरणारी तुमच्या बाजूची दोरी सोडा ना! वर झटका द्या, सुटेल!"

थोरलीने हात उचलला. छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"माझा हात वर जात नाही गं," ती म्हणाली. "कधीपासून जात नाही."

धाकटीने तिकडे झेपावावं तर हातातली दोरी सुटणार. तेवढ्यात थोरली वळली, सुकाणूच्या दांड्याला कंबर लावली आणि सगळ्या अंगाने तो शिडाच्या बाजूला रेटला. दांडा करकरला. होडीचं तोंड हळूहळू वाऱ्याकडे वळलं. फुगलेलं शीड एकदम सैल पडून फडफडायला लागलं.

"आता! ओढ!"

धाकटीने ओढली. शीड सरसर खाली आलं, दोन्ही टोकं शिडाखालच्या आडव्या काठीला घट्ट बसली. तिने दोरीला फास मारला. उरलेल्या चिमुकल्या शिडात वारा भरला तशी होडी सावरली, आणि थोरलीने ती परतीला लावली.

त्या धक्क्याला लागल्या. दोघी चिंब भिजल्या होत्या. होडी बांधून झाल्यावर धाकटी फळीवरच बसली.

"मी बिनवाऱ्याचंच तपासलं," ती पुटपुटली. "चुकलं माझं."

"काठीपाशी उभी असते तर आज मी गेले होते," थोरली तिच्या शेजारी टेकत म्हणाली. "हाडांच्या डॉक्टरकडे जायचंय. तू येतेस का बरोबर? एकटीला भीती वाटते."

"येते की," धाकटी म्हणाली, आणि सोललेल्या हातांनीच तिच्या जाकिटाची चेन उघडून देऊ लागली.