माझ्या डोळ्यातला धागा

ओळखलंत का मला, मित्रांनो? मी एक जुना सूक्ष्मदर्शक. पाय लोखंडी, मान पितळी. कारखान्यात माझी भिंगं बसवताना कारागीर म्हणाला होता, "हा कधी खोटं बोलणार नाही." तेव्हापासून माझी मान जरा जास्तच ताठ झाली.

बत्तीस वर्षं मी एकाच काकांच्या टेबलावर आहे. ते परजीवी गांधीलमाश्या ओळखतात. तिळाएवढ्या माश्या, पण पिकावरच्या अळीत अंडी घालून तिचा निकाल लावतात! मात्र प्रजाती चुकली, तर भलत्याच, कामाच्या किड्यांचा जीव जातो. म्हणून शेतात सोडण्याआधी मिशांचे सांधे मोजायचे, कंबर बघायची, पंखांवरच्या शिरा तपासायच्या. काकांचं कौतुक झालं की मीही फुलून जायचो. पुढे माझ्यावर झाकायचं कापडी टोपडं फाटलं, ओल आत शिरली आणि डोळा लावायच्या भिंगात बुरशीचा एक धागा उगवला. लक्ष कोण देतंय?

परवा काकांची मुलगी माश्यांची पेटी घेऊन आली. सहा महिने राबून तिने त्या वाढवल्या होत्या. हव्या त्या प्रजातीच्या पंखावर शिरांचा एक इवलासा चौकोन असतो, एका बाजूने उघडा. पंख नेहमी मधोमध, एकाच दिशेने ठेवायची काकांची सवय. माझा धागा नेमका त्या उघड्या बाजूवर आला.

"चौकोन बंद आहे. ही ती नव्हेच," काका म्हणाले. "पेटी जाळावी लागेल."

"बाबा, असं कसं? पुन्हा बघा ना!"

"तीन माश्या पाहिल्या, पोरी. तू माझी मुलगी म्हणून वेगळं लिहू का?"

अहो, ती शीर नाही, माझाच धागा आहे! पण मला तोंड कुठे? काकांनी पेन उघडलं.

मुलीने डोळे पुसले, वाकून पाहिलं आणि ती थबकली. माशी तशीच ठेवून तिने वरचं भिंग बोटांनी हळूच फिरवलं.

"बाबा, माशी जागची हललेली नाही. मग शीर कशी फिरतेय?"

काकांनी पाहिलं. मग वरचं भिंग काढून उजेडात धरलं, तर आत बुरशीचा धागा! पेटी वाचली! मी सुटलो असं मला वाटलं, तेवढ्यात त्यांनी वहीची मागची पानं उलटली.

"गेल्या महिन्यात एका बाईंची पेटी मी जाळायला लावली," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यातही चौकोन बंदच दिसला होता."

मित्रांनो, आता माझी भिंगं लख्ख आहेत, टोपडंही नवं आहे. ज्याच्यावर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवता, त्यालाही अधूनमधून पुसून बघत जा. त्या बाई उद्या येणार आहेत. काका त्यांना सगळं सांगतील, आणि मला तिथेच, टेबलावर, ताठ मानेने उभं राहावं लागेल.