अठ्ठावीस नग

रोज सकाळी चहा गाळायच्या आधी आमच्या घरी प्रार्थना होते. माझं वाक्य ठरलेलं : प्रभू, आजचा दिवस तुझ्या हाती, तू नेशील तिकडे मी येतो. बायको म्हणते, हे रिक्षात बसून बोलल्यासारखं वाटतं. आई म्हणते, बोलतो तरी, तेवढं पुरे.

आई व्हीलचेअरवर असते. आमच्या चर्चची उपासना तिसऱ्या मजल्यावर. चार वर्षांत ती वर गेलेली नाही. आता तिथे लिफ्ट बसली होती आणि रविवारी पहिली फेरी आईची होती. तिने नव्या चपलाही घेतल्या होत्या, ज्या जमिनीला टेकण्याची काही शक्यता नव्हती.

लिफ्ट आमच्या कंपनीची आणि तपासून सही करणारा मेकॅनिक मी. आठ माणसांची लिफ्ट असली की माणशी अडुसष्ट किलो धरून ब्रेकची चाचणी सव्वापट वजनावर करायची, म्हणजे सहाशे ऐंशी किलो. त्यासाठी लोखंडी वजनं येतात. गुरुवारी ती आणणारा टेम्पो वाटेत बंद पडला. मी लिफ्टमध्ये उभा राहून प्रार्थना केली, "प्रभू, वजनं पाठव."

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि गायनवृंद सरावाला आला.

इतकं स्वच्छ मार्गदर्शन मला आयुष्यात मिळालं नव्हतं. माणसं भरून ही चाचणी करायची नसते, हे मला पाठ आहे. परीक्षेत मी त्याच उत्तरावर पास झालो होतो. तरी दहा जणांना आत कोंबलं, प्रत्येकाला वजन विचारून तळहातावर लिहिलं. बेरीज सहाशे एक्क्याण्णव. लिफ्ट खाली सोडली, ब्रेक लागला, एक बाई किंचाळली, तीही सुरात. फॉर्मवर मी लिहिलं : लोखंडी वजनं, पंचवीस किलोची, अठ्ठावीस नग. खाली सही.

शनिवारी दुपारी खर्जकाका घरी आले. गायनवृंदात खालचा सूर तेच लावतात. माझी बायको शिलाईकाम करते, तिच्याकडून त्यांना पँट आत घ्यायची होती. तिने टेप लावली आणि दोनदा मोजलं.

"काका, वजन किती हो आता?"

"चौसष्ट."

"गुरुवारी पंच्याण्णव म्हणालात!" मी म्हणालो.

"ते आजारपणाच्या आधीचं. नवं सांगितलं की लोक तोंड पाडतात रे. म्हणून जुनंच सांगतो."

एकतीस किलो गेले, म्हणजे चाचणी वीस किलोने कमी पडली. बायकांनी कमी सांगितलं असेल, भरून निघेल, असं मी स्वतःला समजावलं. वीस किलोने कोण मरतं, असंही म्हणालो. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी हे वाक्य लिफ्ट पडून गेलेल्या एकाच्या अंत्यविधीत ऐकलं होतं.

त्यानंतर मी देवाला सगळं विचारू लागलो. आधी दाढी करू की आंघोळ? निळा शर्ट की पांढरा? बायकोने शेवटी इस्त्री बाजूला ठेवली.

"त्याला छळू नकोस. जे विचारायचंय ते विचार."

"ते नको."

"का?"

"उत्तर माहीत आहे."

तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली. मी पांढरा शर्ट घातला.

रविवारी लिफ्टला फीत लावली होती. पाळकसाहेब कात्री घेऊन उभे, मागे गायनवृंद, पुढे आई. मी डोळे मिटून म्हणालो, प्रभू, काहीतरी होऊ दे, लाइट जाऊ दे. लाइट गेली नाही. मग मीच पॅनेल उघडून मेन स्विच पाडला, किल्ली फिरवून खिशात टाकली आणि सगळं सांगितलं.

"पण गुरुवारी सगळे सुखरूप उतरले की!" पाळकसाहेब म्हणाले.

"उतरले. म्हणून तर मला वाटलं, देवानेच पाठवले."

"म्हणजे आम्ही नग?" किंचाळलेल्या बाईंनी विचारलं.

खर्जकाका आपल्या पट्ट्याकडे बघत होते. त्यांच्याकडे बघवेना. चौघांनी आईला उचलून न्यायची तयारी दाखवली. "मी सोफा आहे का?" ती म्हणाली. हळूहळू सगळे जिन्याने वर गेले. आम्ही दोघं खाली उरलो.

"घरी सांगायचंस मला," आई म्हणाली.

"हिंमत नव्हती."

"आणि इथे चारचौघांत आली?"

"नाही आली. किल्ली फिरवतानाही नव्हती."

वर गाणं सुरू झालं. आईचे ओठ हलले नाहीत. तिने पर्समधून पेन काढलं आणि म्हणाली, "ऑफिसला पत्र लिही. आत्ता."

"लायसन्स जाईल, आई."

"लिही."

मी कामाच्या वहीचं पान फाडून तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि लिहिलं. चार ओळी झाल्या. तिने चष्मा लावून वाचल्या आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'नजरचुकीने' खोड."

मी खोडलं. वर 'जाणूनबुजून' लिहिलं आणि खाली सही केली. तिने पेन परत घेतलं, टोपण लावलं आणि खुर्ची बाहेरच्या दाराकडे वळवली.