वेशीवरचं घर

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो फोटो कापतो.

इंग्लंडात मिल्टन कीन्समधला भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही शहराबाहेर एक जुनं दगडी घर विकत घेतलं, तेव्हा सम्यकनं जालन्याला बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भराभर फोटो पाठवले. त्यात धुराडं होतं, खिडकीखालचे गुलाब होते आणि उगाचच हातात कुंडी धरून उभी असलेली मी होते. फक्त घराच्या उजव्या अंगाला जे आहे ते एकाही फोटोत नव्हतं. प्रत्येक फोटो बरोबर तिथेच कापलेला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, पण किती दिवस झाकशील?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "बाबा येतील तेव्हा बघू."

उजव्या अंगाला गेट होतं. दोन उंच दगडी खांब, त्यांच्या डोक्यावर दगडी गोळे आणि मध्ये दोन पाखांचं काळं लोखंडी फाटक. आमचं घर म्हणजे त्या गेटचं लॉज. इथे जुन्या जहागिरींच्या तोंडाशी अशी छोटी, देखणी घरं असतात. मालकाचं मोठं घर आत कुठेतरी झाडांमागे, आणि रस्त्याला लागून गेट उघडणाऱ्या माणसाचं हे घर. बग्गीचा आवाज आला की त्यानं, नाहीतर त्याच्या बायकोनं, हातातलं काम टाकून पळत यायचं. आमच्या पुढच्या खोलीला तीन बाजूंनी खिडक्या आहेत, त्या काही हवेसाठी नाहीत. रस्त्यावर नजर ठेवता यावी म्हणून आहेत.

आता त्या जहागिरीत काही राम उरलेला नाही. मोठ्या घराचे फ्लॅट झालेत आणि त्यांचा रस्ता पलीकडून आहे. आमच्या गेटातून वाट जाते ती फक्त मागच्या जुन्या शेतवाड्याकडे. तिथे दगडी गोठे आणि कोठारं आहेत, आणि मालकाच्या घराण्यातली फिलिपा नावाची वयस्कर बाई मेंढ्या पाळून राहते. गेट तर आम्ही आल्यापासून सताड उघडंच होतं, बुडाशी गवत माजलेलं. पण घर बघायला गेले त्याच दिवशी मी त्या तीन खिडक्यांच्या मध्ये उभी राहिले आणि एजंटसमोर मला रडू फुटलं. लग्न झाल्यापासून आम्ही इतकी भाड्याची घरं बदलली होती की काही खोकी कधी उघडलीच नव्हती. हे घर मला हवं होतं. बाकी कुणाला काय वाटेल याचा विचार मी केला नाही.

आणि वाटणार होतं ते बाबांना. त्यांचे वडील गावचे वेसकर. दिवेलागणीला वेस लावायची, पाटलाचा पाहुणा उशिरा आला तर उठून उघडायची, हातात घुंगुरकाठी धरायची आणि मोबदल्यात दारोदार भाकर मागायची, असं ते पिढीजात काम. बाबासाहेबांचं भाषण ऐकून ते गावी परतले आणि काठी चावडीवर नेऊन ठेवली. पुढे गावानं त्यांचं काय केलं ते बाबा सांगत नाहीत. एवढंच सांगतात की त्या दिवसापासून आपल्या घरातल्या कुणी दुसऱ्याचं दार राखलं नाही. बाबा शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेचे हेडमास्तर झाले. एक मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, दुसरा, राजेंद्र, कार्डिफच्या हॉस्पिटलात डॉक्टर. आणि थोरल्या सुनेनं हौसेनं घेतलं काय, तर गेट राखणाऱ्याचं घर.

सम्यकला वाटत होतं की बाबांच्या लक्षात येणार नाही. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेल्या माणसाच्या लक्षात येणार नाही म्हणे!

दर उन्हाळ्यात येतात तसे बाबा यंदाही आले. ऐन जूनमध्ये माकडटोपी घालून हीथ्रोच्या बाहेर उभे. गाडीत खुशीत होते. एम-वन हायवेभर त्यांनी जालन्याच्या बातम्या सांगितल्या. मग आमची गाडी छोट्या रस्त्याला लागली, सम्यकनं इंडिकेटर दिला आणि समोर ते दोन खांब आले.

"थांब," बाबा म्हणाले.

सम्यकनं बरोबर खांबांच्या मध्ये गाडी थांबवली. बाबांनी खांब पाहिले, गेट पाहिलं, मग सावकाश मान वळवून घराकडे आणि त्या खिडक्यांकडे पाहिलं.

"हे घर कशासाठी बांधलं होतं?"

"बाबा, याला लॉज म्हणतात. म्हणजे हेरिटेज प्रॉपर्टी आहे, ग्रेड टू लिस्टेड..."

"मी नाव नाही विचारलं."

शेवटी मागच्या सीटवरून मीच बोलले, "गेट उघडणाऱ्या माणसासाठी, बाबा."

"म्हणजे वेसकरासाठी." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आज जेवतो तुमच्याकडे. उद्या मला कार्डिफला सोड, राजेंद्राकडे."

जेवायला ते खिडक्यांकडे पाठ करून बसले. मी त्यांच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं होतं, त्याला नुसतं "चांगलंय" म्हणाले. न राहवून मी म्हणाले, "बाबा, आम्ही इथे कुणाची चाकरी नाही करत. घर विकत घेतलंय."

"कागदावर मालकीण असशील गं, पोरी. पण त्या गेटाशी उद्या कुणी हॉर्न मारला, तर उठून बघणार कोण?"

मी मान खाली घालून भरीत वाढू लागले. कारण शेतवाड्याची पार्सलं आणणारे व्हॅनवाले आत न जाता आमच्याच दारासमोर हॉर्न वाजवायचे आणि मी चालू मीटिंग म्यूट करून ती घ्यायला उठायचे. रोज उठायचे. त्यात काही वावगं आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

किचनमध्ये सम्यक हळूच म्हणाला, "बाबांना नाहीच पटलं, तर विकू आपण."

"विकू? मेथीची जुडी आहे का ती?"

"धम्मा, ज्या घरात माझे वडील पाऊल ठेवणार नाहीत, त्यात मी कसा राहू?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला बाबांचा राग आला होता, आणि राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटत होती. माझे वडील गेल्यावर या माणसानं मला लेकीसारखं जपलंय. ते चुकत होते असं मला म्हणता येत नव्हतं आणि घर सोडायला जीव तयार नव्हता.

सकाळी जाग आली ती लोखंडाच्या कर्कश्श आवाजानं. दाराशी बाबांची बॅग भरून तयार होती. बाहेर पाहते तर बाबा माकडटोपीत, बाह्या सरसावून, गेटचं एक पाख ओढत होते. बुडाशी माजलेलं गवत मुळासकट उपटून येत होतं. दुसरं पाख त्यांनी आधीच लावलं होतं.

"बाबा, काय करताय?"

"वेस लावतोय." त्यांना धाप लागली होती. "माझ्या बापाला कधी मनानं लावता आली नाही की मनानं उघडता आली नाही. जाता जाता एकदा मी लावून बघतो."

कडी घातली, हात झटकले आणि पोर्चमधल्या खुर्चीत येऊन बसले. "आता ऐक. कुणी कितीही हॉर्न मारू दे, तू उठायचं नाहीस. सम्यकनंही नाही." हा आवाज अख्ख्या शाळेनं ऐकलेला होता. मी पायरीवर बसले.

आणि तेवढ्यात, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, वळणावरून फिलिपाबाईचा चिखलानं माखलेला पिकअप आला. मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये मेंढ्या. येऊन वर्ष झालं नव्हतं, गावात धड चार ओळखी नव्हत्या, आणि आम्ही जहागीरदाराच्या लेकीची वाट अडवून बसलो होतो. ते गेट तिचंच आहे अशी माझी समजूत होती. मी अर्धवट उठले. बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी परत बसले.

पिकअप गेटाशी थांबला. आम्ही हॉर्नची वाट बघू लागलो. मेंढ्या ओरडत होत्या, इंजिन घरघरत होतं. बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

हॉर्न काही वाजला नाही. दार उघडलं आणि फिलिपाबाई खाली उतरली. सत्तरी पार केलेली, गुडघ्यापर्यंत बूट. तिनं कडी काढली, खांदा लावून एकेक पाख ढकललं, पुन्हा गाडीत चढली, गाडी आत घेतली आणि थांबवली. मग परत उतरली, मागे चालत आली, दोन्ही पाखं ओढून लावली आणि कडी नीट बसली का ते हलवून पाहिलं. तेव्हा कुठे तिचं आमच्याकडे लक्ष गेलं. हात हलवत ती पोर्चपाशी आली.

"सॉरी हं, तुमचं गेट लावलेलं पहिल्यांदाच बघितलं. आता रोज लावणार आहात का? म्हणजे मी पार्सलवाल्यांना सांगून ठेवते, उतरून उघडा म्हणून."

"आमचं गेट?" मी विचारलं.

"तुमचंच की! माझ्या वडिलांनी लॉज विकलं तेव्हा गेट, खांब सगळं त्याच्याबरोबर गेलं. आम्हाला फक्त जायच्या-यायच्या वाटेचा हक्क आहे."

खरेदीच्या वेळी सॉलिसिटरनं सांगितलंही असेल. मी त्या दिवसांत गळक्या छताच्या काळजीत होते आणि सम्यक फोटो कापण्यात.

बाबा उभे राहिले. त्यांनी टोपी काढली आणि आपल्या ठाशीव, हेडमास्तरी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, उघडलंत ते समजलं. पण पुन्हा लावलंत का? कुणी सांगितलं नव्हतं."

तिला प्रश्नच कळेना. "गेट जसं दिसलं तसंच मागे ठेवायचं. शेतावरच्या पोरांना आधी हेच शिकवतात. ज्याचं गेट, त्याची मर्जी."

"आणि तुमच्या वडिलांच्या काळी?"

फिलिपाबाईनं वळून गेटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तेव्हा इथे एक म्हातारा राहायचा. वडील लांबूनच हॉर्न मारायचे आणि तो पावसातसुद्धा पळत यायचा. मी मागच्या सीटवर असायचे. मला ते कधी बघवलं नाही. या गेटाशी मी हॉर्न मारत नाही." एवढं बोलून, मेंढ्या उन्हात आहेत म्हणत ती निघून गेली.

बाबा खुर्चीत बसले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी घाबरले, पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "बघितलंस का गं? जहागीरदाराची लेक! दोनदा उतरली! उघडायलाही उतरली अन् लावायलाही उतरली!" मीही हसायला लागले, आणि हसता हसता कालपासून अडकलेलं रडू मोकळं झालं. जिवात जीव येणं म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं.

एवढ्यात सम्यक गाडीची किल्ली घेऊन, पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आला. "निघायचं ना बाबा? नंतर एम-फोरला ट्रॅफिक लागतं."

"कशाला निघायचं? चहा टाक," बाबा म्हणाले.

राजेंद्रला त्यांनी फोनवर सांगितलं, "मी नाही येत. तूच ये इकडं. मात्र गेटाशी उतरावं लागेल."

पुढे गेट लावलेलंच राहिलं. बाबांनी खुर्ची तीन खिडक्यांच्या खोलीत हलवली. तिथे चहाचा कप घेऊन बसायचे आणि आतून धावतं वर्णन करायचे. कुरिअरवाला उतरला. मेंढ्यांचा डॉक्टर उतरला. एक गुळगुळीत काळी गाडी चुकून आली, तिचा साहेब तर टाय सावरत उतरला, त्या दिवशी बाबा दोन घास जास्त जेवले. या सगळ्यात जाच झाला तो मला. बाहेरून दमूनभागून यायचं, उतरायचं, उघडायचं, गाडी आत घ्यायची, पुन्हा उतरून लावायचं. मी खिडकीकडे डोळे वटारायचे, तर बाबा आतून म्हणायचे, "नियम म्हणजे नियम." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण खरं सांगते, मला त्या जाचाचंसुद्धा सुख वाटत होतं. राहिलेली खोकी मी त्याच दिवसांत उघडली.

मग एका संध्याकाळी धो धो पाऊस लागला. मी टेस्कोमधून वाणसामानाच्या पिशव्या घेऊन, उतरायची तयारी म्हणून आधीच रेनकोट चढवून घरी आले, तर गेट सताड उघडं. दोन्ही पाखं खांबांपर्यंत मागे नेलेली आणि हलू नयेत म्हणून बुडाशी एकेक दगड लावलेला. बाबा छत्री घेऊन खांबापाशी उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

काच खाली करून विचारलं, "बाबा, कुणी उघडलं?"

"मी उघडलं. फिलिपाबाई आली होती. गुडघा धरलाय तिचा, उतरताना लंगडत होती."

"आणि तुम्ही पावसात पळत आलात? हॉर्न मारला तिनं?"

"नाही मारला." बाबांनी छत्री माझ्या खिडकीवर धरली. "म्हणून तर उघडलं. आता गाडी आत घे, पिशव्या भिजतायत."