फायनलच्या दिवशीचं कुंकू

मित्रांनो, मी जुना आहे, जाडजूड आहे आणि मला डुलक्या फार लागतात. मी बेसबॉलच्या कॅचरचा ग्लोव्ह. बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून जो पिचरचे बॉल झेलतो, त्याच्या डाव्या हातात मी असतो. असायचो, म्हणा.

सुरुवातीला माझं कातडं इतकं कडक होतं की मी मिटता मिटत नव्हतो. समरने मला महिनाभर तेल चोळलं, पोटात बॉल ठेवून दोरीने बांधलं आणि रोज उशीखाली घेतलं. त्या उशीखालीच मला स्वप्नांची सवय लागली. महिन्याने दोरी सुटली तेव्हा मी त्याच्याच हाताचा झालो होतो.

समर साउथहॅम्प्टनच्या ‘अँकर्स’ या व्यावसायिक संघाचा कॅचर. घरी त्याची आई मंजिरी, हॉस्पिटलात डॉक्टर, आणि आजोबा, रिटायर्ड सर्जन. फायनलच्या आदल्या वर्षी अँकर्स तळाला होते. पुढच्या वर्षीही पहिल्या पाच मॅच हरले. कुणी विचारलं की समर हवापाण्याच्या गप्पा काढायचा. मग जूनमध्ये काय झालं कोण जाणे! पिचर ल्यूकचे बॉल असे काही वळू लागले की समोरचे बॅट्समन हवेतच बॅट फिरवून परत जायचे. प्रत्येक बॉल थप्प करून माझ्या पोटात. टाळ्या ल्यूकला, गुदगुल्या मला. असे जिंकत जिंकत ऑक्टोबरात आम्ही आमच्याच मैदानावर फायनलला पोचलो. संघाने आजवर एकही कप जिंकला नव्हता.

फायनल आली नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करायची आणि त्यांना विश्रांती द्यायची, हा आजोबांचा नियम. नोकरीत असताना तो त्यांना पाळता आला नव्हता, म्हणून आता ते त्याची कसर भरून काढत. सकाळी त्यांनी आपला स्टेथोस्कोप मांडला, मंजिरीची शिवणाची कात्री मांडली आणि समरच्या बॅगेतून मला काढून देवघरात ठेवलं. हळद, कुंकू, वर बागेतलं शेवंतीचं फूल. वापरायला पोराकडे दुसरा असेलच, असं ते धरून चालले. मी तर उदबत्तीच्या वासाने गाढ झोपलो. समर उशिरा उठला, बॅग उचलली आणि पळाला.

जाग आली ती फोनने. मैदानावरून मंजिरी सांगत होती की समरच्या हातात कुणाचातरी उसना ग्लोव्ह आहे, दोन बॉल सुटले आणि दोन धावा गेल्या. आजोबांनी फोन ठेवला. मग मला पिशवीत घालून त्यांनी बस पकडली. वाटभर ते पिशवीवर हात ठेवून होते.

समरने मला हातात चढवलं आणि अँकर्स सावरले. शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका धावेने पुढे होतो. तेवढ्यात अंपायरने बॉल बघितला. पांढऱ्या बॉलवर लाल डाग! बॉलला काही फासायचं नसतं, हा बेसबॉलचा कडक नियम. ग्लोव्ह पुसा नाहीतर बदला, अंपायर म्हणाला.

समर मला घेऊन कुंपणाशी आला. “आजोबा, हे कुंकू पुसू का? तुम्हाला चालेल?”

आजोबांनी खिशातला रुमाल काढला आणि स्वतःच मला पुसलं, सावकाश, जखम पुसावी तसं.

“मीसुद्धा खंडेनवमीला ऑपरेशनं केलीत,” ते म्हणाले. “जा, झेल.”

ल्यूकचा शेवटचा बॉल बॅटला हुकवून माझ्या पोटात शिरला. मी घट्ट मिटलो. त्यानंतरचं सगळं मला स्वप्नासारखं आठवतं, पण कप खरा होता.

आता समरकडे नवा ग्लोव्ह आहे. मी काचेच्या कपाटात असतो. माझं कौतुक होतं, पण हात लागत नाही, आणि तेलाविना माझं कातडं पुन्हा कडक होत चाललंय. मित्रांनो, आवडत्या वस्तूला असं नुसतं बघत राहू नका हो.

कालच खंडेनवमी झाली. आजोबांनी मला बाहेर काढलं, तेल चोळलं, कुंकू लावलं. मग माझ्यात आपला हात घातला आणि समरला बागेत बोलावलं.

“आज वापरायचं नसतं ना, आजोबा?”

“एक बॉल चालतो,” ते म्हणाले.