उतारावर घासणारे चाक

मी एक जुनी, लांबरुंद, चार दारांची मोटारगाडी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझा रंग गडद निळा. माझी दारे लावताना आपटावी लागत नाहीत, आणि मागच्या सीटवर तीन धष्टपुष्ट माणसे एकमेकांना कोपर न मारता बसू शकतात. मला याचा थोडा तोरा आहे, तो असू द्या. पण मित्रांनो, आज मी माझ्या रुबाबाची गोष्ट सांगणार नाही. एकदा तीन माणसे माझ्यात बसून डोंगर उतरत होती, त्यांचा जीव धोक्यात होता, आणि ते फक्त मलाच ठाऊक होते. ती गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रे जोडताना ठिणग्या उडाल्या, रंगाच्या खोलीत मला उबेत ठेवले, आणि शेवटी एका कामगाराने माझ्या चारही दारांवरून हात फिरवून मान डोलावली. आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे मला एका दातांच्या डॉक्टरांनी विकत घेतले आणि माझे नशीब उघडले. ते बॉनेट उघडताना म्हणायचे, "हं, आ कर बघू." माझ्या फटीफटीतली धूळ ते जुन्या टूथब्रशने काढायचे. सुट्टीच्या दिवशी सगळ्या काचा वर घेऊन, पंखा आणि रेडिओ बंद करून ते मला अंगणात हळूहळू फिरवायचे. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायचे आणि नुसते ऐकायचे. "दुखतंय कुठे ते पेशंट सांगतोच. आपण गप्प बसलं पाहिजे," असे स्वतःशी पुटपुटायचे. मला वाटायचे, जगातली सगळी माणसे अशीच असतात.

मग डॉक्टरांची नजर मंदावली. एके दिवशी फाटकाचा खांब त्यांना अगदी टेकल्यावर दिसला. त्याच आठवड्यात त्यांनी मला विकायचे ठरवले. गिऱ्हाइके पुष्कळ आली. एकाने माझ्या टायरला लाथ मारून पाहिली, तर डॉक्टरांनी त्याला चहा अर्धा ठेवून उठायला लावले. शेवटी एक जोडपे आले. तो छपाईच्या दुकानात कामाला होता. प्रत्येक गोष्टीत हौस फार, म्हणून घरीदारी सगळे त्याला हौशाच म्हणत. त्याची बायको मुलांना पोहायला शिकवायची. तिचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठावर सहज पोचायचा.

हौशाने इंजिन पाहिले नाही. त्याने खिशातून टेप काढली आणि माझी मागची सीट मोजली.

"हे कशाला?" डॉक्टरांनी विचारले.

"आईचा पाय मोजून आणलाय," तो म्हणाला. "मावतोय का बघतो."

त्याची आई पडली होती. मांडीच्या हाडात सळई घातलेली, आणि गुडघा वाकायचेच नाव घेत नव्हता. आठवड्यातून एकदा तिला डोंगराखालच्या शहरातल्या हॉस्पिटलात व्यायामाला न्यायचे होते. आताच गुडघा वाकला नाही तर पुढे कधीच वाकणार नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी बजावले होते. पण छोट्या गाडीत तो ताठ पाय कोंबताना म्हातारी कळवळायची. शेवटी तिने जाणेच सोडून दिले होते. पाय माझ्या सीटवर मावला आणि मी त्यांच्या घरी गेले.

हौशाने मला सुधारायला घेतले. आधी त्याने फार चांगले काम केले. गादीवाल्याकडून पायाखाली ठेवायला उतरती उशी शिवून घेतली. आईला धरून बसता यावे म्हणून दाराच्या वर भक्कम मूठ बसवली. आई पहिल्यांदा आत टेकली आणि म्हणाली, "यात तर मी पसरून झोपेन की." हौशाचा चेहरा असा उजळला की मलाही बरे वाटले. तो तिथेच थांबला असता तर!

पण हौसेला आवर कुठला? त्याने दणदणीत स्पीकर आणले. मग माझी मूळची चाके काढून रुंद, चकचकीत चाके बसवली. टायरवाला म्हणाला, "चाक जरा रुंद आहे. स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं फिरवून बघू या. आत कुठं लागायला नको."

"आई गॅलरीत वाट बघत असेल हो," हौशा म्हणाला. "दाखवून येतो आधी, मग बघू." ते मग बघणे काही झाले नाही.

मित्रांनो, माझ्या पुढच्या चाकामागे एक रबरी नळी असते. ब्रेकचे तेल तिच्यातून जाते. बोटाएवढीच जाड, पण पेडल दाबल्यावर मी थांबते ती तिच्या जोरावर. नवे चाक एका बाजूला पुरते वळले की त्याची कड त्या नळीवर घासू लागली. सरळ रस्त्यावर काहीच व्हायचे नाही. पण हौशा रोज संध्याकाळी आईला गावातून फिरवून आणायचा, तेव्हा घराच्या फाटकातून वळताना खस्स असा आवाज यायचा आणि नळीचा थोडा रबर निघून जायचा. मला ते पहिल्याच दिवशी कळले आणि मी घाबरले. पण सांगणार कशी? मला येत होता तेवढा एकच आवाज, आणि त्याच्यावर गाणी वाजत होती.

"काहीतरी घासतंय का?" बायकोने एकदा विचारले.

"नवे टायर आहेत. रुळतील हळूहळू." हौशाचे तोंड एवढेसे झाले. तिने विषय सोडून दिला.

मग डोंगर उतरायचा दिवस आला. त्या दिवशी मोठे डॉक्टर आईचा गुडघा तपासून पुन्हा ऑपरेशन करायचे की नाही ते ठरवणार होते. आई मागे उशीवर पाय पसरून बसली, बायको पुढे बसली. घाटाचा रस्ता अरुंद होता. एका बाजूला डोंगराला धरून दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. पहिल्याच मोठ्या वळणावर चाक पुरते फिरले आणि नळीवर कड बसली. दुसऱ्या वळणावर तिच्या आतले धागे उघडे पडले. हौशा गाण्याच्या तालावर स्टिअरिंगवर बोटे वाजवत होता. मला त्याचा इतका राग आला की इंजिन बंद पाडता आले असते तर मी तिथेच बंद पाडले असते.

"गाणं बंद कर रे जरा," आई मागून म्हणाली.

त्याने बंद केले. पुढच्या वळणावर तो आवाज सगळ्या गाडीत लख्ख ऐकू आला.

"थांबव," बायको म्हणाली.

"इथे कुठे थांबवू? मागे ट्रक आहे. आणि उशीर झाला तर डॉक्टर निघून जातील. खाली पोचलो की बघतो."

"आत्ता थांबव म्हणतेय ना."

तो काहीतरी बोलणार होता. त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी नळी फाटली. पेडल खाली गेले, मऊ पडले, जवळजवळ तळाला टेकले. मागच्या चाकांना थोडा जोर उरला होता, पण माझे वजन आणि तो उतार यांच्यापुढे तो किती पुरणार? समोर पुढचे वळण दिसत होते आणि वळणापलीकडे नुसते आभाळ होते.

हौशा ओरडला नाही. त्याने फक्त म्हटले, "आईला धर." बायको सीटवरून मागे वळली आणि तिने आईचा ताठ पाय दोन्ही हातांनी उशीवर दाबून धरला. आईने वरची मूठ पकडली. हौशाने खालचा गिअर टाकला. माझे इंजिन किंचाळले. त्याने हॅन्डब्रेक थोडा थोडा ओढला आणि मग स्टिअरिंग भिंतीकडे वळवले. माझी निळी कूस दगडांना भिडली. आरसा उडाला, दाराचा पत्रा चुरगळत गेला, ठिणग्या उडाल्या. मित्रांनो, खरेच सांगते, मला त्याचे काही वाटले नाही. जेवढे खरवडता येईल तेवढे खरवड, पण थांबव, एवढेच मला वाटत होते. मी भिंतीला घासत गेले, मंदावले, आणि वळणाच्या तोंडाशी उभी राहिले. मागचा ट्रक करकचून थांबला.

मग हौशाने उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. तेल रस्त्यावर ठिबकत होते. फाटलेली नळी त्याने हातात धरली.

"हे बघायला हवं होतं मी," तो म्हणाला.

"मला ऐकू येत होतं," बायको म्हणाली. "एकदा विचारलं आणि गप्प बसले."

मागच्या उघड्या दारातून आई म्हणाली, "मलाही येत होतं. पहिल्या दिवसापासून. माझ्या तर पायाखालीच जाणवायचं."

"मग बोलली का नाहीस ग, आई?"

"माझ्यासाठी एवढ्या हौसेनं केलं होतंस. म्हटलं, कशाला विरजण घाला."

हौशाने तेलाचे हात पँटला पुसले आणि आईच्या पायाशी येऊन बसला.

हॉस्पिटलातून रुग्णवाहिका आली आणि आईला घेऊन गेली. उशीर झाला होता, पण डॉक्टर थांबले होते. पुन्हा ऑपरेशन करायचे की नाही ते महिनाभराच्या व्यायामानंतर ठरवू, असे ते म्हणाले. मला दोराने बांधून गॅरेजात नेले. नळ्या नव्या झाल्या, तेल नवे झाले, रुंद चाके विकली गेली. आता दर आठवड्याला मी तो घाट उतरते. आई मागे बसून मोठ्याने हुकूम सोडते, "हळू. आता हा कसला आवाज? थांबव, बघ." बहुतेक वेळा काही नसते. हौशा तरीही उतरतो आणि बघून येतो. गुडघा थोडासा वाकू लागला आहे.

मित्रांनो, मोठ्या माणसांनी तुमच्यासाठी मायेने काही केले आणि त्यात काही चुकलेले तुमच्या लक्षात आले, तर त्यांचा चेहरा पडेल म्हणून गप्प बसू नका. पडलेला चेहरा संध्याकाळपर्यंत सावरतो. मी यंत्र आहे, मला बोलता येत नाही. त्या दिवशी माझ्यात बसलेल्या तिघांनाही बोलता येत होते.