रासिमची उडी

“सोडला!” असं अख्खं थिएटर एका आवाजात म्हणालं, तेव्हा नाझिफेनं पर्समधून लिंबाच्या कोलोनची बाटली काढली आणि तळहातावर ओतून ती सावकाश हात चोळत बसली.

मंचावर तुंजाय माइक धरून उभा होता. चित्रपट सप्ताहाची सगळी धावपळ याच पोरसवदा मास्तरनं केली होती. जनाज्याच्या नमाजाला इमाम विचारतो तसं त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, “वेदात सारगिन यांच्याकडून कळत-नकळत कुणाचं काही वाईट झालं असेल, तर त्यांच्यावरचा तो हक्क सोडता का?”

“सोडला!”

“आई, म्हण की,” बिर्गुल तिच्या कानाशी लागली. “मेलेल्या माणसासाठी एवढं म्हणायचं असतं.”

“अख्खं डुइसबर्ग म्हणतंय. माझ्यावाचून त्याचं काही अडत नाही.”

तिसऱ्यांदाही ती हातच चोळत राहिली. पुढच्या रांगेत पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा डोळे पुसत होता. सख्खा भाऊ गेल्यावर रडला नसेल इतका तो या नटासाठी रडत होता, आणि नाझिफेला त्याचा राग आला. वेदात सारगिन वसंतात गेला, तेव्हापासून जर्मनीतल्या या तुर्की मोहल्ल्यातल्या प्रत्येक चहाच्या दुकानात त्याचा फोटो लागला होता. यंदाचा तुर्की चित्रपट सप्ताहही त्याच्याच नावानं. जर्मनांनाही आपला सिनेमा कळावा म्हणून पडद्याखाली जर्मन अक्षरं, नगराध्यक्षांचं भाषण, सगळं साग्रसंगीत.

सेहेचाळीस वर्षं तिनं या माणसाचा एकही चित्रपट पाहिला नव्हता. टीव्हीवर तो दिसला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. “टाळकं माझ्या नवऱ्याचं फुटलं, टाळ्या यानं घेतल्या,” एवढंच म्हणायची. पुढं विचारायचा कुणाला धीर होत नसे.

तिचा नवरा रासिम सिनेमात सारगिनच्या जागी उड्या मारायचा. घोड्यावरून, छपरावरून, जिन्यावरून रासिम पडायचा आणि धूळ झटकत सारगिन उठायचा. शेवटची उडी रेल्वेच्या पुलावरून, खालून धावणाऱ्या मालगाडीत होती. बिर्गुल तेव्हा पोटात होती, पाचवा महिना. तीन दिवसांनी सारगिन स्वतः घरी आला. दारात बूट काढून जमिनीवरच बसला. “वहिनी, उडी अगदी बरोबर पडली होती. मग गाडीला हिसका बसला न् तोल गेला. पण कॅमेरा चालू होता. ती उडी पिक्चरमध्ये आहे. लोक मला बघतील तोवर त्यालाही बघतील.” बोलताना तो रडत होता. नाझिफेनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्या शब्दांवर मात्र ती जगली. भावाच्या आधारानं जर्मनीत आली, बिस्किटांच्या कारखान्यात तीस वर्षं उभी राहिली, आणि पोरीनं बाबा कुठं म्हणून विचारलं की सांगत आली, तुझा बाबा पिक्चरमध्ये आहे, पुलावरून उडतो. घरात रासिमचा लग्नातला एकच फोटो होता, तोही घोळक्यातला. इस्तंबूलमध्ये जुनी रिळं चांदी काढायला वितळवून टाकली होती, त्यात रासिमच्या बाकीच्या उड्या गेल्या. पुलावरच्या उडीचा हा चित्रपटही गेलाच असं सगळे धरून चालले होते. मग गेल्या हिवाळ्यात इथल्याच एका बंद पडलेल्या थिएटरच्या तळघरात त्याची एक प्रत निघाली, आणि तीच आज दाखवणार होते.

बिर्गुल शहरात ट्राम चालवायची. आज रजा टाकून, लग्नाला घालतात तसे कपडे घालून आली होती. “मला बाबाला हलताना बघायचंय, आई,” ती गेले पंधरा दिवस म्हणत होती. “एकदाच. आता तर तो सारगिनही राहिला नाही, राग कुणावर धरतेस? तू शेजारी बस आणि मला ओळखून सांग.” म्हणून नाझिफे आली होती. सारगिनसाठी नव्हे.

चित्रपट सुरू झाला. पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस होता, पण लोकांना त्याचं काही नव्हतं. तरुणपणी पाहिलेला चित्रपट त्यांना अजून पाठ होता; सारगिननं तोंड उघडायच्या आधी त्याचं वाक्य मागच्या रांगा म्हणत होत्या, आणि सूर्यफुलाच्या बिया फोडण्याचा आवाज चहूकडून येत होता. तो मालकाच्या पोरीला सोडून निघाला, तेव्हा बायकांनी रुमाल काढले. चांगला नट होता मेला, नाझिफेलाही कबूल करावं लागलं.

मग पूल दिसला. बिया फोडणं थांबलं. बिर्गुलनं एका हातात फोन उंच धरला आणि दुसऱ्या हातानं आईचा हात पकडला.

एक माणूस पाठमोरा कठड्यावर चढला. खालून इंजिनाचा धूर आला. त्यानं दोन्ही हात पसरले, उडी घेतली, कोळशाच्या वाघिणीत दोन्ही पायांवर पडला आणि उभा राहिला. पुढच्याच क्षणी सारगिनचा घामेजलेला चेहरा. थिएटर शिट्ट्यांनी दणाणून गेलं.

नाझिफेला शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या. त्या माणसाचे दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ होते. रासिमचा डावा हात लग्नाआधीच घोड्यावरून पडून मोडला होता आणि गावातल्या हाडवैद्यानं तो वाकडा बसवला होता. तो पुन्हा कधी सरळ झालाच नाही. सदरा घालताना डावी बाही तीच धरायची. झोपेत तो हात तिच्या मानेखाली असायचा, आणि त्या वाकलेल्या जागेत तिचं डोकं नेमकं मावायचं.

हा कुणी दुसराच होता. म्हणजे उडी पुन्हा घ्यावी लागली होती. म्हणजे रासिमची चुकली होती, तो वाघिणीपर्यंत पोचलाच नव्हता, हिसका वगैरे काही बसला नव्हता. पुलावर दुसरा माणूस चढवून त्यांनी काम उरकलं होतं. आणि हे सगळं ठाऊक असून सारगिन तिच्या दारात बूट काढून बसला होता. पोटुशी बाईला काय सांगावं हे सुचलं नसेल, की खरं सांगायची हिंमत नसेल? शिवी तिच्या तोंडात आली आणि तिथंच राहिली. एवढी वर्षं ती त्या माणसावर भलत्याच गोष्टीसाठी रागावली होती.

“आई?” बिर्गुल तिच्याकडे वळली होती. पंचेचाळीस वर्षांची बाई, पण पडद्याच्या उजेडात चेहरा पहिलीतल्या पोरीचा दिसत होता. “हाच ना? बाबाच ना हा?”

नाझिफेनं तिचा हात घट्ट धरला.

“हो. हाच तुझा बाबा.”

“नक्की?”

“नवरा होता माझा. मी ओळखणार नाही?”

बिर्गुल उठून उभी राहिली आणि रडत रडत टाळ्या वाजवू लागली. “माझे बाबा! ते माझे बाबा होते!” ती आजूबाजूला सांगत सुटली. मागून कुणी “खाली बसा!” ओरडलं, मग तेही टाळ्यांत सामील झालं.

दिवे लागले तोवर बातमी पुढच्या रांगांपर्यंत गेली होती. तो रडणारा म्हातारा वाट काढत आला, वाकून त्यानं नाझिफेच्या हाताचं चुंबन घेतलं आणि तो हात कपाळाला लावला. बायका भोवती जमल्या. तुंजाय धापा टाकत आला.

“मावशी, अहो आधी सांगायचं नाही का! मंचावर बसवलं असतं तुम्हाला.” मग त्यानं बिर्गुलला शब्द दिला, “ताई, रिळातली ती चौकट काढून मोठा फोटो करून देतो. हात पसरलेत ना, तीच. पुढच्या आठवड्यात घरी आणून देईन.”

बिर्गुलनं त्याचं मनगट धरलं. मग नाक पुसत आईकडे वळली.

“तुझ्या पलंगासमोर लावू या. रोज डोळे उघडलेस की आधी तेच दिसेल. की टीव्हीच्या वर?”

नाझिफे कोटाची बटणं लावत होती. वरचं बटण काजात जात नव्हतं, तिनं ते तसंच सोडलं.

“तुझ्याकडे लाव.”

“अगं, असं कसं? तुझा नवरा आहे तो. पहिला मान तुझा.”

“तुझ्याकडेच लाव, बाळा,” नाझिफे म्हणाली. “मी त्याला बघितलंय.”