न्हाणीघरातली उपडी बादली

मी पत्र्याची बादली बोलतेय. आज घासून उपडी घातलीय, तोंड फरशीला टेकलंय, म्हणून आवाज जरा घुमेल, सांभाळून घ्या.

कारखान्यात मला ठोकून ठोकून आकार दिला आणि मी एका शिंप्याच्या घरी आले. काम एकच, नळाखाली आ वासून बसायचं. सुखाची नोकरी होती.

पण आमच्या शिंपीदादांच्या तोंडी 'नाही' हा शब्दच नव्हता. "उद्या मिळेल ना?" "हो." "सैलही हवा आणि अंगालाही बसायला हवा!" "हो हो." कपड्यांचा ढीग छताला टेकला, दादांची झोप उडाली, छाती धडधडू लागली. एक दिवस कात्री धरलेला हात असा थरथरला की एका हेडमास्तरांच्या पँटची हाफपँट झाली. हातच गेला तर शिंप्याकडे उरलं काय? दादा घाबरले आणि त्यांनी फोनवर भेटणाऱ्या एका समुपदेशक ताईंची वेळ घेतली.

आता बोलायचं कुठं? पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं, मागच्या खोलीत आई. आतून कडी लागणारी जागा घरात एकच, न्हाणीघर. तिथंच कोपऱ्यात संडासही. तर दर मंगळवारी अकराला मी उपडी, माझ्यावर दादा आणि खिडकीत साबणाच्या डबीला टेकवलेला फोन. पहिल्या खेपेला घाईत मला भरलेलीच उलटी केली. बिचारे पाऊण तास ओल्या विजारीत बसून मन मोकळं करत होते.

ताई म्हणायच्या, "आज कशावर बोलायचं, दोघं मिळून ठरवू."

"तुम्ही म्हणाल ते," दादा म्हणायचे.

ताई स्वतःला काय दिसतं ते सांगायच्या आणि लगेच विचारायच्या, "तुम्हाला पटतंय का?" मला चीड यायची. अहो, डॉक्टरासारखं लिहून द्या की! सकाळी एक, संध्याकाळी एक!

इकडे आईनं वेगळंच निदान केलं. पोरगा दर मंगळवारी पाऊण तास आत, म्हणजे पोट बिघडलंय. तिनं कडू काढा उकळायला सुरुवात केली. दादांना नाही म्हणता येईना, म्हणून ते पेलाभर प्यायचे आणि मग पोट खरोखरच बिघडायचं. एकदा तर "ताई, दोन मिनिटं" म्हणत त्यांनी फोन भिंतीकडे फिरवला. पुढचं सांगणार नाही. बादली असले तरी मला लाज आहे.

सहाव्या मंगळवारी ताईंनी विचारलं, "पहिलं 'नाही' कुणाला म्हणायचं?"

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर तुम्ही मलाही 'हो'च म्हणाल." त्या हसल्या. "बरं, मला वाटतं गिऱ्हाइकापासून सुरुवात करावी. तुमचं काय?"

दादा बसल्या जागी चुळबुळले. मी खाली होते, मला कळणारच. मग म्हणाले, "नाही ताई. तिथून नको. आईच्या काढ्यापासून."

"दादा, आत्ता काय म्हणालात?"

दादांनी आठवून पाहिलं आणि इतके दचकले की माझ्यावरून घसरले.

कडी उघडली. दारात आई, हातात पेला.

"नाही आई. नको मला."

"मग मी मरमर मरून उकळते कशाला?" आईनं पेला पुढं धरलेलाच ठेवला.

"पोट बरं आहे गं. जीव घाबरतो माझा. त्यावर एका ताईंशी बोलतो मी, आत बसून."

"मला नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यावरही काढा केला असतास."

आई आधी रडली, मग हसली. "वाया कशाला घालवायचा," म्हणत पेला स्वतःच रिकामा केला. दहाव्या मिनिटाला "सरक मेल्या!" असं ओरडत ती धावत आत आली.

आता मंगळवारी दादा ऐटीत पुढच्या खोलीत बसतात आणि आई गिऱ्हाइकांना पायरीवरच थोपवते. मी पुन्हा नळाखाली. बुडाला दादांच्या वजनाचा पोचा आहे, तो मिरवते. तुमच्याही घरात कुणी आत जास्त वेळ बसत असेल, तर लगेच काढा उकळू नका, आधी विचारा. आणि बादली उलटी करायचीच झाली, तर पाणी तेवढं ओतून घ्या.

काल पुढच्या खोलीतून आवाज आला, "उद्या मिळेल ना?"

"नाही. शुक्रवारी."

मी काठोकाठ भरलेली होते. आनंदानं थोडी सांडलेच.